हात लावायचा नाही

माझं तासगावात मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोनोब्लॉक असो, बोअरमधली सबमर्सिबल असो नाहीतर पिठाच्या गिरणीची, जळाली की माझ्याकडे येते. जुनी तार कापून काढायची, स्लॉट साफ करायचे, नवीन कॉइल पाडून बसवायची, वार्निश मारून वाळवायची, इन्सुलेशन नीट आहे का ते मेगर लावून बघायचं आणि मोटार शेतकऱ्याच्या स्वाधीन करायची. आयटीआय करून बाहेर पडलो तेव्हापासून हेच चाललंय. या धंद्यानं मला एक खोड लावलीय. समोर कुणी तार चुकीची जोडायला लागलं की माझा हात आपोआप पुढे जातो. तोंडाच्या आधी हात. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारीअखेरपर्यंत हा हात मला मागे धरून ठेवावा लागला, आणि खरं सांगायचं तर एकदा तो सुटलाच.

माझी थोरली नववीत. तिच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाचं अटल इनोव्हेशन मिशन २०१६ साली निघालं, त्यातून या लॅब आल्या. निवड झालेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, दहा लाख लॅब उभी करायला आणि दहा लाख पुढची पाच वर्षं ती चालवायला. सहावी ते बारावीच्या पोरांनी तिथं स्वतःच्या हातानं काहीतरी करावं, ही त्यामागची कल्पना. आमच्याकडे काय झालं, तर सामान आलं, फीत कापली, फोटो निघाले आणि कपाटाला कुलूप लागलं. मोडलं तर भरून कोण देणार, ही भीती. थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ. शाळेला नावं ठेवायची म्हणून सांगत नाही. माझ्या दुकानात तरी चांगलं मशीन मी नव्या पोऱ्याच्या हाती कुठं लवकर देतो?

मग विज्ञानाला नवीन मॅडम आल्या. त्यांनी किल्ली मागून घेतली, एक रजिस्टर घातलं आणि सही करून सामान घरी न्यायला परवानगी दिली. मोडलं तर काय, असं हेडसरांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या म्हणे, "मोडलं तर वापरलं असं समजेल."

नोव्हेंबरात सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या रोबोटच्या स्पर्धेचा कागद आला. आठवी ते दहावीची तीन मुलं, एक संघ. पांढऱ्या पटावर काळी रेघ. रेघेवरून गाडीनं आपलं आपण चालायचं, चौक आला की डावीकडे वळायचं, पुढं भिंत दिसली की दहा सेंटिमीटरवर थांबायचं आणि पाठीवरचा टेबलटेनिसचा चेंडू शेजारच्या डब्यात टाकायचा. तीन मिनिटं वेळ, तीन संधी, त्यातली सगळ्यांत चांगली धरणार. शिवाय स्पर्धेच्या दिवशी कामात ऐनवेळी एक बदल करून देणार आणि तो करायला चाळीस मिनिटं. शेवटी ठळक अक्षरात: पालक, शिक्षक किंवा इतर मोठ्या माणसांनी रोबोटला वा प्रोग्रामला हात लावायचा नाही.

"घरी कोण बघायला येतंय?" मी म्हटलं.

"मी आहे की बघायला," लेक म्हणाली.

संघात ती, तिची एक मैत्रीण आणि आठवीतला एक पोरगा. शाळा पाचला बंद होते, म्हणून तिघं साडेपाचला माझ्या दुकानात यायची. वार्निशच्या डब्यांशेजारी एक टेबल रिकामं करून दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी सामान मांडलं आणि मला हसूच आलं. पिवळ्या प्लॅस्टिकची, माझ्या अंगठ्याएवढी मोटार! हिला बीओ मोटर म्हणतात. तिला चालवायला एल२९८एन नावाचा लाल बोर्ड, रेघ बघायला दोन आयआर, म्हणजे इन्फ्रारेड, सेन्सर, भिंत बघायला दोन डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर, चेंडू ढकलायला एक छोटी निळी सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंतच वळणारी मोटार, आणि सगळ्यांचा मुकादम म्हणून प्रोग्राम चालवणारा आर्डुइनो उनो बोर्ड. मॅडमनी पोरांना सांगितलं होतं, हा बोर्ड इटलीत इव्रिया नावाच्या गावात २००५ साली निघाला, तिथल्या डिझाइन शिकणाऱ्या मुलांना स्वस्तात पडावा म्हणून. नकाशा सगळ्यांना खुला, त्यामुळे कुणीही तसा बनवू शकतं. आमचा तसाच एक नकलेचा होता. त्याची यूएसबीची चिप वेगळी, म्हणून शाळेचा लॅपटॉप पहिले दोन दिवस त्याला ओळखच देईना. ते ड्रायव्हर टाकणं वगैरे पोरांनी मॅडमना फोन करकरून निस्तरलं. त्यात मला काही कळत नव्हतं, त्यामुळे त्रासही झाला नाही.

त्रास पुढं सुरू झाला. गाडी जोडून झाली, बटण दाबलं, चाकं अर्धी फिरली आणि थांबली. आर्डुइनोचा दिवा मिचकला, परत चाकं अर्धी फिरली, परत थांबली. उचकी लागल्यासारखं. पोरांनी ठरवलं की प्रोग्राम चुकलाय. दोन संध्याकाळी तिघं लॅपटॉपवर ओणवी झाली होती. मला पहिल्या मिनिटाला दिसलं होतं की गाडीवर नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावलीय. रिमोटच्या खेळण्यात, नाहीतर माझ्या मीटरमध्ये असते ती. तिच्या पोटात दोन मोटारी उचलायचा दमच नसतो. मी समोर बसून एक पंप उघडत होतो आणि जीभ दातांखाली धरली होती.

तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. पण हात नाही लावला. मीटर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "मीटर लावून बघा."

बॅटरीला मीटर लावला, नऊच्या वर. पोरगा म्हणाला, "काका, बॅटरी ओके आहे."

"मोटार चालू करून बघा."

मोटार चालू झाली आणि आकडा नवावरून थेट पाचाच्या खाली बसला. तिघंही गप्प. मग लेकीनं विचारलं, असं का? मी दुकानातली एक एचपीची मोटार घेतली. माझ्या मोटारीला हात लावायला मला बंदी नव्हती. करंट मोजायचा क्लॅम्प मीटर अडकवून तिला चालू केलं. आकडा एकदम तिशीपार उडाला आणि मग सहाच्या आसपास येऊन स्थिरावला. सुरू होताना मोटार चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, म्हणून तर मोठ्या मोटारीला हा झटका कमी करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात, नाहीतर अख्ख्या वस्तीचे दिवे मंद होतात. "तुमच्या गाडीत तेच होतंय. मोटार उठायला गेली की मुकादमाच्या घरातली लाइट जाते. तो झोपतो, परत उठतो आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबमधून १८६५० सेल आणले. अठरा मिलिमीटर जाडी, पासष्ट लांबी, म्हणून ते नाव. दोन सिरीजमध्ये जोडले की पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट. त्यातले दोनेक व्होल्ट तो लाल बोर्डच खातो, बेदाण्याच्या सौद्यातल्या अडत्यासारखा, आणि उरलेले मोटारीला देतो. उचकी थांबली. नऊ व्होल्टची बॅटरी कुठंतरी पंपांच्या भंगारात गेली. तिचा विषय पुढं परत आला.

मध्ये एक दिवस मोटारी भूत लागल्यासारख्या आपल्या मनानं फिरायला लागल्या. त्याचं कारण सेलची निगेटिव्ह आणि आर्डुइनोची निगेटिव्ह एकत्र जोडलेली नव्हती. त्यावर मी फक्त "न्यूट्रल कुठाय?" एवढंच म्हटलं. ते दहा मिनिटांत सुटलं.

प्रोग्रामच्या बाबतीत मात्र मी ढ. लेकीनं मला शिकवायला सुरुवात केली, कारण तिला कुणाला तरी समजावून सांगितल्याशिवाय स्वतःला समजत नाही. लूप म्हणजे काय, तर तेच काम परत परत, माझ्या कॉइल पाडायच्या मशीनसारखं. "फक्त पप्पा, तुमचं मशीन मिनिटाला शंभर फेरे मारत असेल, हा सेकंदाला हजारो मारतो. याचं घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख वेळा टिकटिक करतं." मी मान हलवली. हा आकडा नंतर सांगलीत आमच्या अंगाशी आला.

भिंत बघणाऱ्या सेन्सरचं मला आवडलं. तो आपल्याला ऐकू येत नाही असा आवाज सोडतो, आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. पोरांनी वेळ गुणिले वेग केलं आणि गाडीला दहा सेंटिमीटरवर थांबायला सांगितलं. ती थांबली पाचावर. दर वेळी बरोबर पाचावर. प्रोग्राम परत वाचला, काही सापडेना. मैत्रीण पट्टीनं मोजत बसली होती. तिनंच एकदम विचारलं, "अगं, आवाज जाऊन येतो ना? मग आपण जाण्यायेण्याचं भाडं धरतोय." दोननं भागायचं राहिलं होतं. हे वाक्य मी अजून गिऱ्हाइकांना सांगतो.

सरावाला पट हवा होता. चौकात वाढदिवसाचा एक फ्लेक्स मुदत संपून लोंबकळत होता, तो मागून आणला. पाठ पांढरीशुभ्र. त्यावर माझ्या काळ्या इन्सुलेशन टेपचे चार रोल गेले. खाली साहेब हात जोडून हसतायत आणि वर आमची गाडी चालतेय. पण गाडी वळणावर हमखास रेघ सोडायची. वेग कमी केला तरी सोडायची. शेवटी कळलं की अंतराचे आकडे लॅपटॉपवर नीट वाचता यावेत म्हणून पोरांनी प्रत्येक फेऱ्यात अर्ध्या सेकंदाचा डिले टाकला होता. डिले म्हणजे मुकादमानं तेवढा वेळ कुणाकडेच बघायचं नाही. गाडी सेकंदाला तीस सेंटिमीटर जाते असं धरलं, तर ती पंधरा सेंटिमीटर डोळे मिटून पळत होती. वळण गेलं की मग डोळे उघडणार! डिले काढला आणि गाडी रेघेवर आली. डिलेवर त्या दिवसापासून तिघांचा राग.

डिसेंबरच्या मध्यावर द्राक्षवाल्यांचे पंप यायला लागले. मला रात्री दहाशिवाय डोकं वर काढायला मिळेना, आणि नेमका त्याच आठवड्यात सगळ्यांत चिवट फॉल्ट आला. गाडी रेघेवर चालत होती, थांबत होती. राहिली होती फक्त सर्वो. सर्वो बसवली, तिचा प्रोग्राम जोडला आणि उजवी मोटार मेली. डावी चालतेय, उजवी गप्प. गाडी जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली. पोरांनी तार बघितली, ठीक. मोटारीला थेट सेल लावला, फिरते. परत जागेवर लावली, गप्प.

असल्या फॉल्टला आमच्याकडे एकच उपाय. अदलाबदल. तीन पंपांतला एक चालत नसेल तर त्याचा स्टार्टर दुसऱ्याला लाव, केबल बदल, आणि फॉल्ट कुणाबरोबर जातो ते बघ. फॉल्ट मोटारीबरोबर गेला तर मोटार, केबलबरोबर गेला तर केबल. हे मी त्यांना एकदा सांगितलं आणि कामाला लागलो. त्यांनी डावी मोटार उजवीकडे लावली. तीही मेली, आणि उजवीची डावीकडे चालायला लागली. म्हणजे मोटारी दोन्ही चांगल्या. लाल बोर्डच्या दोन बाजू बदलून बघितल्या. बोर्ड चांगला. आर्डुइनोच्या ९ नंबरच्या पिनेवरून वेगाची तार येत होती, तिथंच फॉल्ट बसून होता. पिन जळाली म्हणावं, तर वेग २५५ दिला, म्हणजे पुरेपूर दिला, की मोटार फिरायची. १५० दिला की गप्प. जळालेली पिन असं निवडून निवडून वागत नाही.

मैत्रीण म्हणाली, सर्वो यायच्या आधी हे नव्हतं. सर्वोची तार काढली. तरी गप्प. प्रोग्राममधली सर्वोची ओळ काढली. मोटार चालू! तार नव्हे, ओळ. मला हे काही केल्या पटेना. हाताला लागत नाही अशा गोष्टीत फॉल्ट असतो, हे मानायला माझ्या धंद्यातला माणूस तयार होत नाही. लेकीनं त्या रात्री सर्वोच्या लायब्ररीची, म्हणजे सर्वो चालवायच्या तयार प्रोग्रामची, माहिती उघडून शब्दाशब्दाला अडखळत वाचली. तिथं सरळ लिहिलं होतं: उनो बोर्डावर ही लायब्ररी वापरली की ९ आणि १० नंबरच्या पिनांवर वेग कमीजास्त करायची सोय बंद होते. सर्वोला वेळ मोजायला आतलं एक घड्याळ लागतं, आणि तेच घड्याळ या दोन पिना वापरतात. सर्वो आली की तिनं घड्याळ घेतलं. पुरेपूर वेगाला घड्याळ लागत नाही, म्हणून २५५ ला चालायची. दुसऱ्या दिवशी तार ९ वरून ६ वर नेली, प्रोग्राममध्ये एक आकडा बदलला. पाच दिवसांचा फॉल्ट अर्ध्या मिनिटात गेला. पोरगा एवढा ओरडला की समोरचा चहावाला बघायला आला.

आता माझा हात सुटला ते सांगतो. जानेवारीचा पहिला आठवडा असेल. पोरं घरी गेल्यावर मी गाडी सहज उचलून बघितली. उजव्या मोटारीच्या टोकावरचं सोल्डर कोरडं होतं. वरून गोळा दिसतो, पण आत तार धरलेली नसते. हिसका बसला की सुटणार, आणि सुटणार ते नेमकं स्पर्धेत. सोल्डरची बत्ती तापलेलीच होती. दोन सेकंदांचं काम. मी फ्लक्स लावला, जुनं ओढून घेतलं, नवं भरलं, चकचकीत. गाडी होती तशी ठेवली आणि घरी येऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक गाडी हातात धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "हे कुणी केलं?"

"काय?"

"हे सोल्डर आमचं नाही. आमचं एवढं चांगलं येत नाही."

मी म्हटलं, अगं कोरडं होतं, सुटलं असतं. ती म्हणाली, "मग कोरडं आहे म्हणून सांगायचं." पुढं काही बोलली नाही. टेबलाशी गेली, बत्ती घेतली आणि माझं सोल्डर काढून टाकलं. मग स्वतः केलं. पहिल्यांदा गोळा झाला, काढला. दुसऱ्यांदा बोट भाजलं. तिसऱ्यांदा बरं आलं. माझ्यासारखं नाही, पण धरणारं. मी पंपाच्या बेअरिंगमध्ये डोकं घालून बसलो होतो. बायकोला रात्री सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, बरं झालं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळच्या एसटीनं सांगलीला गेलो. कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये चोवीस संघ. काहींच्या गाड्या अशा की दुकानातून उचलून आणल्यासारख्या, अ‍ॅक्रिलिकचे पत्रे, रंगीत दिवे, मुलांच्या टी-शर्टवर क्लासचं नाव. एका संघाला परीक्षकानं विचारलं, हा बोर्ड काय करतो, तर तिन्ही मुलं मागं वळून दोरीबाहेरच्या सरांकडे बघायला लागली. मला त्या मुलांची दया आली. दोरीच्या या बाजूला सगळे पालक, त्या बाजूला पोरं. माझे दोन्ही हात पाठीमागे.

पहिली संधी. गाडी सुटली, दोन हात गेली आणि रेघ सोडून सरळ टेबलाच्या पायावर. परत ठेवली, परत तेच. मी पटाकडे बघितलं. हॉलच्या उंच खिडकीतून उन्हाचा पट्टा बरोबर त्या जागी पडला होता. आम्ही सगळा सराव संध्याकाळी ट्यूबलाइटखाली केलेला! रेघ बघणारा सेन्सर इन्फ्रारेड किरण सोडतो, पांढऱ्यावरून ते परत येतात, काळ्यावरून येत नाहीत. उन्हात तेच किरण भरभरून असतात, त्यामुळे त्याला काळंही पांढरंच दिसतं. मला हे माहीत होतं असं नाही, मला फक्त ऊन दिसलं. माझा हात दोरीवर गेला आणि शेजारचे एक पालक माझ्याकडे बघायला लागले. हात खाली घेतला.

लेकीनं गाडीवर स्वतःची सावली पाडून बघितली. रेघ दिसायला लागली. मग तिघांनी काळ्या टेपचा परकर करून सेन्सरभोवती जमिनीपर्यंत लावला, आणि तिनं कंपासपेटीतून एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून सेन्सरवरचा स्क्रू फिरवला. तो स्क्रू-ड्रायव्हर मी महिनाभर दुकानात शोधत होतो.

मग ऐनवेळचा बदल आला. पटावर आता दोन चौक. पहिल्या चौकात सरळ जायचं, दुसऱ्यात डावीकडे. चाळीस मिनिटं. पोरांचा विचार बरोबर होता: दोन्ही सेन्सरना काळं दिसलं म्हणजे चौक, एक मोजायचा, दोन झाले की वळायचं. दुसरी संधी. गाडी परकर घालून उन्हातून झोकात गेली, पहिला चौक आला आणि तिथंच डावीकडे वळली.

चौकाच्या पट्ट्यावरून जायला गाडीला कितीसा वेळ लागतो? डोळ्याचं पातं लवेपर्यंत. पण लूप सेकंदाला हजारो फेरे मारतोय, आणि प्रत्येक फेऱ्यात त्याला काळंच दिसतंय. एका चौकात त्यानं दोनच काय, शेकडो चौक मोजले असतील. हे मला दोरीबाहेर उभ्या उभ्या कळलं, प्रोग्राममधलं पहिल्यांदाच काहीतरी माझं मला कळलं, आणि सांगायची सोय नव्हती. पुश बटण दाबून धरलं म्हणून ते दहा वेळा दाबलं असं होत नाही, एवढंच सांगायचं होतं. घशात आलं आणि तिथंच राहिलं.

पोरांची आपसात वादावादी चालली होती. पोरगा म्हणत होता सेन्सर बिघडला. मैत्रिणीनं लॅपटॉप ओढून घेतला, मोजलेला आकडा दाखव म्हणून एक ओळ टाकली, तार लावूनच गाडी हातानं चौकावरून सरकवली. पडद्यावर एक, दोन, तीन, चार असे आकडे धो धो पळायला लागले. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. वेळ संपत आला होता. लेक म्हणाली, एक मोजला की पट्टा ओलांडेपर्यंत सरळ जाऊ दे, तोपर्यंत बघायचंच नाही. म्हणजे डिले. ज्याला शिव्या घालत एक आठवडा गेला, तो डिले परत घातला.

तिसरी संधी. पहिला चौक सरळ. दुसऱ्यात डावीकडे. भिंतीच्या अलीकडे थांबली, परीक्षकानं पट्टी लावली, दहाच्या आसपास. सर्वोनं हात हलवला, चेंडू डब्याच्या काठावर आपटला, क्षणभर नाचला आणि बाहेर पडून परीक्षकाच्या बुटाशी गेला. चेंडूचे मार्क गेले.

नंतर मुलाखत झाली. ती मला लांबून ऐकू आली नाही, पण पोरगा दोन्ही हातांनी अदलाबदल करून दाखवत होता आणि एक परीक्षक खुर्ची पुढे ओढून ऐकत होते. निकालात आमचा नंबर अकरावा. पहिल्या तिघांत क्लासचा एक संघ होता, आणि एक मुलींची शाळा, त्यांची गाडी खरंच देखणी चालली, त्यांना तोड नव्हती. परतीच्या एसटीत पोरगा झोपला, मैत्रीण खिडकीतून बघत होती. लेक मला विचारत होती की डब्याचा काठ किती सेंटिमीटर होता. मी मोजला नव्हता. ती थोडी नाराज झाली.

सोमवारी सामान शाळेत परत करायला तिच्याबरोबर गेलो. मॅडम रजिस्टर घेऊन एकेक नग बघत होत्या. आर्डुइनो एक, मोटर दोन, सेन्सर तीन, सर्वो एक. शेवटी आलं, नऊ व्होल्ट बॅटरी, एक नग. ती भंगारात कधीच गेली होती. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणून दिली आणि मॅडमनी ती मोटारी आणि लाल बोर्डच्या शेजारी, त्याच डब्यात ठेवली.

लेक डब्याकडे बघत राहिली. "मॅडम, वर चिठ्ठी लावू का? पुढच्या वर्षीची मुलं हीच लावतील परत."

"लाव की," मॅडम म्हणाल्या.

तिनं चिकटपट्टी घेतली, मार्कर उघडला, "ही बॅटरी" एवढं लिहिलं आणि थांबली. मग ती पट्टी काढून चुरगळली, दुसरी लावली आणि त्यावर लिहिलं: मीटर लावून बघा.